चंद्रकळा नको, पैठणी चालेल

प्रिय ताई,

आम्ही दीड वर्षापासून घानात, तेमाला राहतो. ह्यांच्या एका सहकाऱ्याचे मामा कुमासीजवळच्या एका गावाचे प्रमुख आहेत. येत्या महिन्यात असांते राजाचा दरबार भरणार आहे, त्याला ते 'अक्वासिदाए' म्हणतात. मामा आम्हाला आपल्या लोकांबरोबर नेणार आहेत, तेही नुसतं लांबून बघायला नाही, तर राजासमोर जाऊन नमस्कार करायला. मी हौसेनं हो म्हणून बसले आणि आता झोप उडाली आहे. आजीची काळी, लाल काठाची चंद्रकळा नेसावी असं मनात आहे. शाल-श्रीफळ न्यावं असं हे म्हणतात. इथले लोक म्हणतात दारूची बाटली न्या. ते फोनवर ऐकून माळकरी सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मी डावखुरी आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मोठ्यांच्या पाया पडायची सवय लावलेली. राजाच्याही पडू दे का? तिथं बोकड वगैरे कापतात का? आमचं काही चुकलं तर त्या सहकाऱ्याची मान खाली जाईल, म्हणून विचारते.

– तेमाहून एक गोंधळलेली

बाई गं, आधी ती चंद्रकळा घडी घालून पेटीत ठेव. बाकीचं सावकाश बोलू.

काळा आणि लाल हे असांते लोकांचे सुतकाचे रंग. शनिवारी कुमासीत नजर टाकलीस तर काळ्या-लाल कपड्यांचे घोळके दिसतील, ते सगळे कुणाच्या तरी अंत्यविधीला निघालेले असतात. आपण संक्रांतीला मिरवायची साडी नेसून तू राजवाड्यात शिरलीस तर तुला कुणी हाकलणार नाही. पण ओळीतली प्रत्येक बाई मनात म्हणेल, हिचं कोण गेलं? (याला एक अपवाद आहे. तो शेवटी सांगते.)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला धास्ती आहे ती अनोळखी गोष्टींची, म्हणजे दारू, बोकड आणि राजा यांची. माझा अनुभव उलटा आहे. अनोळखी गोष्टीपाशी माणूस आपोआप थांबतो, कुणाला तरी विचारतो. घसरतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींवर. आणि हा दरबार आपल्याला फार म्हणजे फारच ओळखीचा वाटतो. मखमली आणि रेशमी छत्रं, ढोल, शिंगं, भालदार-चोपदारांसारखे काठीवाले, हुद्द्याप्रमाणे बसलेले मानकरी. आम्ही कुमासीत आठ वर्षं काढली, हे लाकडाच्या कारखान्यात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा हस्तिदंती शिंगं वाजायला लागली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायची वाट बघत बसावं तशी मी ऐसपैस, पायावर पाय टाकून बसले. मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या काठीचं टोक माझ्या गुडघ्याला हलकेच लावलं. बोलले काहीच नाहीत. माझा पाय खाली आला आणि पुढचे तीन तास तो जमिनीवरच राहिला. मोठ्यांच्या समोर पायावर पाय टाकणं हा तिथं सरळ सरळ उर्मटपणा. मी ते दहा ठिकाणी ऐकलेलं होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही, कारण मी परक्या ठिकाणी आहे हेच विसरले होते.

तेव्हा हा दिवस काय आहे ते आधी समजून घे. 'अक्वासि' म्हणजे रविवार, म्हणजे रविवारी जन्मलेल्या मुलाचं नावही तेच, आणि 'अदाए' म्हणजे विसावा. हा पूर्वजांचा दिवस आहे. असांते लोक ज्या मोठ्या अकान समाजात मोडतात, त्यांच्याकडं सात दिवसांच्या आठवड्याबरोबर जुना सहा दिवसांचाही आठवडा चालतो. दोन्ही चाकं शेजारी शेजारी फिरतात आणि 42 दिवसांनी पुन्हा तीच जोडी जुळते. चतुर्थीला मंगळवार आला की अंगारकी होते ना, तसाच वाराचा आणि तिथीचा मेळ. फक्त त्यांचा मेळ कधी चुकत नाही, दर सहा आठवड्यांनी ठरलेला रविवार. याच चक्रात एका बुधवारीही अदाए येतो, पण पाहुण्यांची गर्दी असते ती रविवारच्याला. या सगळ्यांत जो मोठा असतो त्याला 'अदाए केसे' म्हणतात. तेव्हा राजा पालखीतून निघतो.

आता बोकडाचं. सकाळी राजा पूर्वजांच्या आसनांच्या खोलीत जातो. प्रत्येक थोर राजाचं लाकडी आसन त्याच्या पश्चात काळं करून तिथं जपून ठेवलेलं असतं. त्यांच्यासमोर कुस्करलेला याम (सुरणासारखा कंद) आणि उकडलेली अंडी यांचा नैवेद्य, पेय, आणि बळी, सगळं तिथं होतं. पण ते बंद दाराआड. पाहुण्यांना तिथं प्रवेश नसतो, त्यामुळं मुलाला काय दिसेल ही काळजी सोड. तू विचारलं नाहीस, पण मनात असेल म्हणून सांगते: त्या खोलीच्या बाबतीत पाळीचाही विटाळ कडक मानतात. पटांगणात मात्र मला आठ वर्षांत कुणी कधी काही विचारलं नाही.

पटांगणातला दरबार दुपारच्या आधी भरतो आणि दोन-तीन वाजेपर्यंत चालतो. तुमचा मुक्काम शनिवारपासूनच कुमासीत हवा. अक्राहून विमानानं पाऊण तास लागतो, पण गाडीनं तेमाहून अर्धा दिवस सहज मोडतो. त्याच सकाळी निघून दरबार गाठू असं ह्यांनी म्हटलं तर ऐकू नकोस. राजवाड्याचं नाव लिहितात तसं म्हणू नकोस, 'मान्शिया' म्हण. तिथल्या आवारात मोर हिंडतात. म्हणून म्हणते, पैठणी नेस. मोराच्या पदराची हिरवी किंवा पिवळी असेल तर फारच छान. 'केंटे' हे तिथलं हातमागाचं वस्त्र नेसावं असं तुझ्या मैत्रिणी सुचवतील. नेसलीस तर कुणाला राग नाही येणार, उलट कौतुकच होईल. पण माझं मत साडीचं. असांते पुरुष दरबारात जे नेसतात ते एक अखंड, न शिवलेलं वस्त्र असतं, अंगाभोवती घेऊन डाव्या खांद्यावर टाकलेलं. न शिवलेल्या वस्त्राची प्रतिष्ठा त्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माझ्या साडीला हात लावून किती जणींनी विचारलं असेल, ही पट्टी पट्टी जोडून केली आहे की सलग विणली? केंटे हातमागावर वीतभराच्याही आतल्या पट्ट्यांत विणतात आणि मग त्या पट्ट्या जोडतात, म्हणून तो प्रश्न. कुमासीजवळच्या बोन्वीरे गावात शनिवारी वेळ मिळाला तर माग बघून या. येवल्याचे माग तू पाहिले असशील तर तिथून तुला लवकर उठवणार नाही.

आता शाल-श्रीफळ. इथं ह्यांचं साफ चुकतंय, आणि का चुकतंय ते मजेशीर आहे. आपण मान द्यायचा तर समोरच्याच्या खांद्यावर वस्त्र घालतो. त्यांच्याकडं मान द्यायचा तर आपल्याच खांद्यावरचं वस्त्र खाली उतरवतात. राजासमोर जाताना भले भले प्रमुखसुद्धा खांदा उघडा करतात आणि पायातल्या वहाणा काढून पुढं होतात. राजाच्या अंगाला हात लागणार नाही याची काळजी घेणारी माणसं चहूबाजूंना उभी असतात. त्यात तुझे 'हे' शाल उलगडून राजाच्या खांद्याकडं निघाले, तर त्यांना मध्येच अडवतील, आणि नंतर सहकाऱ्याच्या मामांना कुणाकुणाला उत्तरं द्यावी लागतील देव जाणे. शाल न्यायचीच असेल तर घडी घातलेली, तबकात ठेवून, मामांच्या माणसांकडं द्या. नारळाला तिथं काही अर्थ नाही, किनाऱ्यावर ढिगानं मिळतात.

अर्थ आहे तो बाटलीला. म्हणजे श्नॅप्स या कडक दारूला. डच व्यापाऱ्यांच्या काळात हे पेय त्या किनाऱ्यावर आलं आणि पुढं पितरांचं होऊन बसलं. प्रमुखाकडं जाताना बाटली न्यायची ती त्यानं संध्याकाळी पीत बसावं म्हणून नव्हे. पूर्वजांची नावं घेत ते जमिनीवर ओततात. तर्पणाचं पाणी सोडतात तसं. ते झाल्याशिवाय बोलण्याला सुरुवात झाली असं धरत नाहीत. सासूबाईंना हे सांगून बघ. पटलं तर बरं, नाही पटलं तर वाद घालू नकोस. माळ त्यांच्या गळ्यात आहे, बाटली तुझ्या हातात नसली म्हणजे झालं. मामांच्या लवाजम्याबरोबर जाताय, तर भेटवस्तू त्यांच्याबरोबरच जाईल. तुमच्या वाट्याची रक्कम सहकाऱ्याकडं आधीच देऊन टाका. फक्त तिथं जाऊन बाटलीकडं नाक मुरडू नकोस. तुम्हाला कुणी प्यायला दिलं तर 'मिनरल' मागायचं. घानात कोकाकोला-फँटाला मिनरल म्हणतात, हे तुला एव्हाना माहीत असेलच.

मुलाच्या पाया पडण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय.

नको. एक तर तो तितका जवळ जाऊच शकणार नाही. पण कारण तेवढंच नाही. 1896 च्या जानेवारीत ब्रिटिश फौज कुमासीत आली तेव्हा राजा होता पहिला प्रेम्पे, पंचविशीतला. गव्हर्नर मॅक्सवेलनं सगळ्या मानकऱ्यांच्या देखत राजाला आणि त्याच्या आईला, 'या आचिया' नावाच्या राजमातेला, आपल्या पायांना मिठी घालायला लावली. तेवढ्यावर न थांबता दोघांना पकडून नेलं. आधी किनाऱ्यावरच्या किल्ल्यात, मग सिएरा लिओनला, आणि 1900 मध्ये थेट हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. प्रेम्पे परत आला 1924 मध्ये, म्हातारा होऊन. आई तिकडंच वारली. तेव्हा त्या पटांगणात कुणी कुणाचे पाय धरले की म्हाताऱ्या माणसांना काय आठवत असेल, त्याचा विचार कर. आपल्या मनात पाया पडणं म्हणजे आशीर्वाद. त्यांच्या इतिहासात ते दुसरंच काहीतरी आहे. मुलाला सांग, थांबायला सांगतील तिथं थांबायचं, चपला काढायच्या, हात जोडायचे, कमरेतून थोडं वाकायचं. एवढं पुरे. हात जोडण्यात डावा-उजवा दोन्ही असतात आणि त्याला कुणाची हरकत नसते, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

डाव्या हातावरून तुझी खरी परीक्षा आहे. आपल्याकडं डावा हात निषिद्ध म्हणतो, पण दुकानात पैसे डाव्या हातानं दिले तर हल्ली कोण बघतं? घानात बघतात. बाजारात, टॅक्सीत, ऑफिसात, सगळीकडं. दीड वर्षात तू 'सॉरी फॉर लेफ्ट' म्हणायला शिकली असशीलच. दरबारात मात्र तसं म्हणायचीही वेळ येऊ नये. साधा उपाय सांगते: डाव्या हातात सतत काहीतरी धरून ठेव. रुमाल, पर्स, मुलाचा हात. गुंतलेला हात पुढं जात नाही. हात हलवून कुणाला बोलवायचं नाही, बोट दाखवायचं नाही.

आणि ओळीत बसलेल्या प्रमुखांना हस्तांदोलन करायला सांगितलं, तर सुरुवात तुझ्या उजवीकडून. उजवीकडच्या पहिल्या माणसापासून डावीकडं सरकत जायचं. आपल्या पायाला प्रदक्षिणेची सवय, तो नेमका उलट्या दिशेनं वळतो. मी निदान तीनदा उलटी निघाले आहे. तिसऱ्यांदा तर एका बाईनं मला खांद्याला धरून वळवलं आणि दोघीही हसलो. बाजारात भेटणारे लोक हात मिळवताना शेवटी मधल्या बोटांची चुटकी वाजवतात, ती इथं नको. राजासमोर तर हात पुढं करायचाच नाही. त्यांनी केला तर गोष्ट वेगळी.

राजाशी बोलायची वेळ आली तर? सध्याचे राजे दुसरे ओसेई तुतु. 1999 पासून ते त्या आसनावर आहेत, लंडनला शिकलेले, इंग्रजी उत्तम. इथंच पाहुणे फसतात. इंग्रजी येतं म्हणून थेट बोलायला लागतात. राजाच्या शेजारी सोन्याचा मुलामा दिलेली उंच काठी घेतलेली माणसं असतात, त्यांना 'ओचेआमे' म्हणतात. बोलायचं ते त्यांच्याशी. ते राजाला सांगतात, राजाचं उत्तर तुला सांगतात. राजा तीन हातांवर बसून सगळं ऐकत असतो, तरीही. तू दोन साधी वाक्यं बोललीस तर ओचेआमे त्यांची पाच करेल, अलंकार घालून. दुभाषा म्हणू नकोस त्याला. शब्द राजापर्यंत उघडाबोडका जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. त्या काठ्यांच्या टोकावरच्या आकृत्या मुलाला नीट बघायला सांग, प्रत्येकीत एक म्हण कोरलेली असते. एका काठीवर मुठीत अंडं धरलेला हात असतो: सत्ता अंड्यासारखी असते, घट्ट दाबली तर फुटते, सैल धरली तर पडते.

आदरानं हाक मारायची ती 'नाना'. हे ऐकून तुला हसू येईल, पण तिथं राजाही नाना, राजमाताही नाना, आजी-आजोबाही नाना आणि पितरही नानाच. असांते राजाला 'ओतुम्फो' असंही म्हणतात. एवढे दोन शब्द, आणि आभाराला 'मेदासे'.

बसायचं कुठं, हे तू विचारलं नाहीस. खरं तर तेच पहिलं विचारायला हवं होतं, कारण या राज्यात बसण्यावरून युद्ध झालेलं आहे.

असांते लोकांचं सगळं राज्य एका सोन्याच्या आसनात आहे, 'सिका द्वा कोफी'. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, आसनालाही जन्मवार आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओकोम्फो आनोचे या पुरोहितानं ते आकाशातून उतरवलं आणि पहिल्या ओसेई तुतुच्या मांडीवर येऊन टेकलं, अशी परंपरा आहे. त्यात सगळ्या लोकांचा प्राण आहे असं मानतात. ते जमिनीला टेकवत नाहीत, त्याला स्वतःची वेगळी बैठक असते. त्यावर कुणीही बसत नाही. राजासुद्धा नाही. आणि मार्च 1900 मध्ये गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीला आला, जमलेल्या प्रमुखांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की ते आसन आणून द्या, राणीचा प्रतिनिधी म्हणून मी त्यावर बसायला हवा. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी गेले. काही दिवसांतच एजिसू गावच्या 'या असांतेवा' नावाच्या राजमातेच्या नेतृत्वाखाली लढाई पेटली आणि गव्हर्नर बायकोसकट कुमासीच्या किल्ल्यात कोंडला गेला. जूनमध्ये कसाबसा निसटला. शेवटी ब्रिटिश जिंकले, 'या असांतेवा' यांना सेशेल्सला धाडलं, 1921 मध्ये त्या तिथंच वारल्या. आसन मात्र ब्रिटिशांच्या हाती लागलं नाही. लोकांनी ते लपवून ठेवलं होतं.

हॉजसनला वाटलं असावं, आसन म्हणजे सिंहासन, आणि सिंहासन म्हणजे बसायची वस्तू. त्याच्या देशात तसंच होतं ना. ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टीवर घसरणं म्हणते ते हे.

तर तुम्ही काय करायचं: बसायला सांगेपर्यंत उभं राहायचं. दाखवलेल्या खुर्चीत बसायचं, सावलीत सरकवायची नाही, पुढं घ्यायची नाही. कडेला कुठं लाकडी आसन आडवं कलंडून ठेवलेलं दिसलं तर ते पडलं आहे म्हणून मुलानं सरळ करू नये. भटक्या आत्म्यानं येऊन बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवतात. आपण नाही का, रिकामा पाळणा हलवू देत नाही. राजा येताना सगळे उठतात, तेव्हा उठायचं. ह्यांना टोपी आणि गॉगल काढायला सांग. फोटो जागेवरून काढा, आधी मामांच्या माणसांना विचारून. राजा आणि मानकरी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत मोबाईल घेऊन शिरणारा एखादा परदेशी पाहुणा दर वेळी असतोच. तो तुमच्यातला नसावा.

जेवायला सहकाऱ्याच्या घरी थांबवतील. 'रेड रेड' मागायचं, पामतेलातली चवळीची उसळ आणि तळलेलं पिकं केळं. पण त्यात मासळीची पूड घालू नका असं आदल्या दिवशीच सांगून ठेव, नाहीतर हमखास असते.

शनिवारी बोन्वीरेला गेला नाहीत तर राजवाड्याच्या आवारातलं संग्रहालय तरी बघा. ती इमारत 1925 मध्ये ब्रिटिशांनी परत आलेल्या प्रेम्पेसाठी बांधली. असांते लोकांनी ती फुकट घ्यायला नकार दिला आणि किंमत चुकती केल्यावरच तिचा ताबा घेतला, असं तिथं सांगतात. 1874 मध्ये ब्रिटिशांनी कुमासी जाळून राजवाडा लुटला, त्यातलं आणि नंतरच्या मोहिमांत गेलेलं सोनं पुढं लंडनच्या संग्रहालयांत जाऊन बसलं. 2024 मध्ये, राजाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यातल्या 32 वस्तू कुमासीला आल्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम, दोघांनी मिळून पाठवल्या, पण तीन वर्षांच्या उसनवारीवर. तीन वर्षांची उसनवारी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, 2024. काही आठवलं? त्याच संग्रहालयानं, त्याच वर्षी, त्याच मुदतीवर आपल्याकडं साताऱ्याला वाघनखं पाठवली. पाहुण्यांच्या ओळीत शेजारी कुणी बोलकं भेटलं तर हा विषय काढ. मला वाटतं, तुमच्या दोघांच्या गप्पा शिंगं वाजली तरी थांबणार नाहीत.

आणखी एक तयारी करून जा. तिथं पहिला प्रश्न तुझं नाव काय हा नसेल, जन्म कोणत्या वारी हा असेल. वारावरूनच त्यांच्याकडं नाव पडतं. मुलाची पत्रिका काढून बघ. शनिवारी जन्मला असेल तर तो क्वामे, बुधवारी तर क्वाकू, गुरुवारी तर याव. तू रविवारची असशील तर अकोसुआ, शुक्रवारची असशील तर अफुआ. वार सांगितलास की त्या घटकेपासून तुला त्याच नावानं हाका मारतील. मला अजूनही कुमासीहून फोन येतो तो 'अबेना' म्हणूनच येतो. मी मंगळवारची.

आता तो अपवाद. राजवाड्यात शोक असला की सगळा दरबारच काळा-लाल होतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये राजमाता नाना कोनाडू यिआडोम तिसऱ्या वारल्या, तेव्हा असंच झालं होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सहकाऱ्याला आठवणीनं फोन कर आणि एवढंच विचार, उद्या रंग कोणता? बहुधा 'काहीही रंगीत' असं उत्तर येईल, मग मोराची पैठणी. पण तो 'लाल-काळा' म्हणाला, तर पेटी उघड आणि आजीची चंद्रकळा काढ. त्या पटांगणात त्या दिवशी त्याहून योग्य वस्त्र तुझ्याकडं दुसरं नसेल.

तुझी,
ताई